बहुधा

रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात मी काचा घासते, एकोणीस वर्षं.
डोळ्याला लावायचं दहा पटींचं भिंग
घरी येताना पर्समध्येच राहून जातं.
म्हणून त्या रात्री जिन्यात, पाण्याच्या मीटरपाशी,
ट्यूबलाइटखाली गोल गोल फिरणारी ती दिसली
तेव्हा मी तिथेच उकिडवी बसले.
कारेलीबागेत जेठात
रात्री दहालाही कठडा हाताला पोळतो.

समोरच्या जसुबेन केरसुणी घेऊनच आल्या.
"आ तो मंकोडो छे, काढी नाखो."
मी म्हटलं, थांबा. ही राणी आहे.
"राणी? आपणा मीटर पासे?"

आदल्या आठवड्यात मी एकदा फसले होते.
मोठं डोकं बघून डबीत भरली,
निघाली कामकरीण, थोराड जबड्याची.
डोक्यावर जाऊ नये, एवढं कळलं.
राणी ओळखायची पाठीवरून:
पंख पेललेली पाठ भरदार असते,
आणि पंख टाकून दिले तरी
जिथे होते तिथे चार खुणा राहतात,
बटणं उसवल्यावर कापडावर राहतात तशा.

हिच्या पाठीवर चारही होत्या,
चौथी जराशी फाटकी.
कंबरेला एकच गाठ.
पट्टी नव्हती, वीजबिलाच्या कडेला नखानं खूण केली,
वर जाऊन मोजली. सतरा मिलिमीटर.

द्विजनं शाळेतली परीक्षानळी आणून दिली;
विचारून आणलीस का, हे मी विचारलं नाही.
तळाशी पाणी, मग कापूस, मग ती, मग पुन्हा कापूस.
बाहेरून लाल जिलेटीन, अंधार वाटावा म्हणून.
मग चिठ्ठी.

चिठ्ठीपाशी अडले.
सुतार मुंगी म्हणतात हिच्या कुळाला,
पण आमच्या इथली लाकडाला दात लावत नाही,
नळाखालच्या मातीत घर करते.
आमचंही आडनाव सुतार. घरात रंधा कुणी पाहिलेला नाही.

कॉम्प्रेससच्या पायांना तांबूस झाक,
पॅरियसच्या पोटावर राखाडी रेशीम,
सेरिसियसच्या सोनेरी.
ट्यूबलाइटच्या उजेडात सगळंच रेशीम दिसतं,
आणि मला मनातून सोनेरी हवी होती.
लिहिलं: कॅम्पोनोटस, बहुधा कॉम्प्रेसस.
पुढे प्रश्नचिन्ह. मग आणखी एक.

खायला काही द्यायचं नाही.
ती मागतही नाही.
ज्या स्नायूंनी एका संध्याकाळी, एकदाच, पंख हलवले
ते आतल्या आत विरघळवते
आणि अळ्यांना भरवते.
जसुबेनना हे सांगितलं तेव्हा
त्यांच्या हातातला खाखऱ्याचा तुकडा तसाच राहिला.
"पछी ऊडशे नहीं?"
नाही, म्हटलं. आता नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी तीन.
आधी फिकट, भिजवलेल्या रव्यासारख्या,
दोन दिवसांनी काळ्या.
भिंग लावलं. पाय पाहिले.
तांबूस.

म्हणजे तीच.
पेढ्याच्या खोक्यात, तुळशीच्या कुंडीत,
आजाऱ्याच्या उशाशी पाण्याच्या पेल्यात सापडते ती.
सगळ्यात साधी. सोनेरी बिनेरी काही नाही.
केरसुणी हातात धरून
जसुबेननी दोन सेकंदांत सांगितली होती ती.

थोडा वेळ रागच आला, कुणाचा ते कळेना.
मग प्रश्नचिन्हं खोडली.
'बहुधा' खोडायला गेले तर पेन अडलं.
आत ती एकेकीच्या डोक्यावरून मिशा फिरवत होती,
भिंगाशिवाय, घाई नसल्यासारखी,
आणि जसुबेन दारातून विचारत होत्या,
मधाचा थेंब चालेल का,
की साखरच बरी.